मदत हवी आहे: लग्नाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी कधी भरायचा? आणि डिपॉझिटचं काय?

मंडळी, कोल्हापूरला फुलेवाडीत आमचं मंडप, लाइटिंग आणि भांडी भाड्यानं द्यायचं काम आहे, बाबांच्या काळापासून. जीएसटी नंबर आहे, रिटर्न दरमहा जातं. हिशेब यंदा माझ्याकडे आला आणि आल्या आल्या डोक्याला ताप झालाय.

डिसेंबरात एका पार्टीनं मे महिन्यातलं लग्न बुक केलं. १८ टक्के कर धरून १,१८,००० ठरले. ५०,००० ॲडव्हान्स, शिवाय भांडी-गाद्यांचं १०,००० डिपॉझिट. बाबांनी नेहमीसारखी एकाच पावतीवर ‘साठ हजार जमा’ लिहून सही ठोकली. लग्न पार पडल्यावर बिल केलं आणि कर सगळा मेच्या रिटर्नमध्ये भरला. गुजरी बाजारातला माझा मित्र चांदीचे दागिने विकतो, तो पहिल्यापासून सांगतोय की ॲडव्हान्सवर जीएसटी नसतो, बिल होईल तेव्हा बघायचं. आता नवीन सीए म्हणतात, डिसेंबरलाच भरायला हवा होता. जुने कर सल्लागार यावर कधी बोललेच नाहीत. खरं कोण?

दुसऱ्या एका पार्टीचं ३०,००० देऊन लग्नच मोडलं. २५,००० परत केले, ५,००० ठेवले. (मुलीच्या वडिलांचा चेहरा बघून तेही नको वाटत होते, पण फुलांची ऑर्डर गेली होती.) त्याचं काय करायचं?

प्रतिसाद, उद्यमनगरकर:

दोघंही खरं बोलतायत. मित्र माल विकतो. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेपासून मालाच्या ॲडव्हान्सवर लगेच कर नाही, बिलावरच. सेवेला ही सवलत नाही आणि मंडप भाड्यानं देणं ही सेवा. माझंच बघा. सुटे भाग बनवून विकतो त्याच्या ॲडव्हान्सला कर नाही, पण गिऱ्हाइकाचंच कास्टिंग (ओतीव भाग) आणून मशिनिंग करून देतो त्या जॉबवर्कच्या ॲडव्हान्सला आहे. गिऱ्हाईक एक, चेक दोन, नियम दोन.

तुमचे ५०,००० कर धरूनच मोजायचे. ५०,००० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे ७,६२७ रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तो २० जानेवारीपर्यंत जायला हवा होता, गेला २० जूनला. वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज साधारण ५६८ रुपये होतं. घाबरू नका, पण भरून टाका. इथून पुढं ॲडव्हान्स आला की रिसीट व्हाउचर (ॲडव्हान्सची पावती) करायचं, जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ११ए या तक्त्यात दाखवायचं आणि बिल झालं की ११बी या तक्त्यात वळतं करायचं.

मोडलेल्या लग्नाच्या २५,००० ला रिफंड व्हाउचर (पैसे परत दिल्याची पावती) करा. ठेवलेले ५,००० म्हणजे रद्द करण्याचा आकार. त्याला मूळ सेवेचाच दर लागतो, असं जीएसटीच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे.

प्रतिसाद, पंचगंगाकाठ:

डिपॉझिट परत द्यायचं असेल तोवर त्यावर कर नाही. भाड्याच्या बिलात वळतं केलंत की त्या दिवसापासून तो मोबदला, म्हणजे कर लागतो. पण दादा, ‘साठ हजार जमा’ या पावतीवरून यातलं डिपॉझिट कुठलं ते तपासणाऱ्याला कसं कळणार? पुस्तकं दोन करा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, चाळीस वर्षं एका कागदावर भागलं. तरी आज छापखान्यात दोन पुस्तकं टाकली, डिपॉझिटचं पिवळं. एक राहिलंच, याच पार्टीकडं पाच पातेली पिचली, १,८०० डिपॉझिटमधून कापले. त्यावर?

पंचगंगाकाठ:

ती नुसती नुकसानभरपाई, त्यावर कर नाही, त्याच परिपत्रकात आहे. फक्त बिलात भाड्याच्या ओळीत मिसळू नका. पातेल्यांची यादी पार्टीच्या सहीनं त्या पिवळ्या पावतीला टाचून ठेवा.