मदत हवी आहे : दुकानाचं रूप बदलायचंय, ओळख नाही

मंडळी, बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं जुनं दुकान आहे. इरकल आणि गुळेदगुड्डचे खण ही आमची खासियत. दिवाळीआधी नूतनीकरण करायचंय. इंटिरियरवाल्यानं जे चित्र दाखवलं त्यात सगळीकडे काच, पांढऱ्या टाइल्स आणि छतात ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरेफेक दिवे. चकाचक आहे, पण मोबाईलचं दुकानही असंच दिसतं की हो! त्या उजेडात इरकलचा डाळिंबी पदर फिका पडतो, घरी नेल्यावर रंग वेगळा दिसला की गिऱ्हाईक भांडायला हजर. ३००० केल्विनचे दिवे लावले तर पिवळट वाटेल का? मधला ४००० बरा, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० च्या वरचा घ्यावा, असं एकानं सांगितलंय. कुणी वापरलेत का?

दुसरं, गादी. बाबा म्हणतात, गादीवर साडी उलगडल्याशिवाय विक्री होत नाही. पण तरुण मुलींना खाली बसायचा कंटाळा. गादीच दोन-अडीच फूट उंचावर घेऊन समोर स्टुलं ठेवली तर?

सागवानी कपाटं मात्र काढणार नाही. कर्नाटकच्या नियमानं पाटी ६० टक्के कन्नडमध्ये हवीच, मग मराठी मजकूर त्याच वळणाच्या अक्षरांत कसा बसवावा? बेळगाव-खानापूर भागात कुणी असं काम केलं असेल तर फोटो टाका प्लीज.