मदत हवी आहे (मे २०२१): बाबांचा कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस, आणि आईची भीती

मंडळी, आईबाबा साताऱ्याजवळ गावी, मी पुण्यात अडकलेय. एप्रिलमध्ये बाबांना कोव्हॅक्सिन मिळाली, आईला कोविशील्ड. आईची घाई नाही. १३ मे २०२१ ला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलंय. कोव्हॅक्सिनचं मात्र ४ ते ६ आठवडेच आहे आणि बाबांची मुदत संपत आलीय. केंद्रावर पहाटेपासून रांग, नऊ वाजता दारावर कागद: ‘आज लस नाही’. कोविनवर (लशीच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) स्लॉट दिसेपर्यंत भरलेला. राज्याने १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवून कोव्हॅक्सिन दुसऱ्या डोसकडे वळवली ना, मग जाते कुठे?

त्यात आईला लशीच्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. पॅरासिटामॉलने उतरला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर रक्ताच्या गुठळ्यांचं वाचून आता ‘दुसरा डोस नकोच’ म्हणून बसलीय. माझं ऐकणार थोडीच!

सातारा-कराडकडे सध्या कोव्हॅक्सिन कुठे मिळतेय? उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का? बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, सुई टोचताना काय सांभाळायचं? आणि इथले कुणी डॉक्टर आईशी फोनवर जरा बोलतील का? डॉक्टरांचं ती ऐकते.