शेवटचा शॉट कोणाला द्यावा? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला प्रशिक्षण देतो. एका गुणाने मागे असताना आणि शेवटचाच हल्ला उरलेला असताना चेंडू कोणाच्या हाती असावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आमची सर्वाधिक गुण करणारी खेळाडू अशा वेळी चेंडू सोडत नाही. प्रतिस्पर्धी संघ हे ओळखून तिच्यावर दोघींना घालतो आणि शॉट तोल गेलेल्या अवस्थेत मारला जातो. कोपऱ्यात मोकळी उभी असलेली आमची नेमबाज मात्र हात वर करून नुसती पाहत राहते.

एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात ८६-८६ अशी बरोबरी असताना युटा जॅझचा जॉन स्टॉकटन बचावाला मदत करायला आपल्यावर धावून आल्याचे पाहून मायकेल जॉर्डनने मोकळ्या स्टीव्ह करला पास दिला आणि शिकागो बुल्सने तो सामना व विजेतेपद जिंकले. पण १९९८ मध्ये त्याच युटा जॅझविरुद्ध निर्णायक शॉट जॉर्डनने स्वतःच मारला, त्यामुळे दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो!

माझा कल पासकडे आहे. तरीही, टाइमआउटमध्ये एकीचे नाव पक्के करावे, की पिक-अँड-रोल (सहकारी खेळाडूने बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे वळण्याची चाल) लावून निर्णय चेंडू हाताळणारीवर सोपवावा? आणि शेवटच्या क्षणी फाउल मिळण्याची शक्यता धरून फ्री थ्रो चांगले मारणारीलाच प्राधान्य द्यावे का? सरावात हे कसे घटवून घ्यावे, तेही कृपया सांगावे.