अनुभव धागा : कोल्हापुरात सॅप, टॅली, ईआरपी शिकून पुढे काय झालं?

भाच्याची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला. परवा राजारामपुरीतल्या एका क्लासच्या पाटीखाली उभं राहून त्यानं मला फोन केला, "मावशी, सॅप करू का? शंभर टक्के नोकरी म्हणत्यात."

मी आधी शिरोलीत एका कारखान्यात खरेदीला होते. सॅप म्हणजे कारखान्याची खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, अशा सॉफ्टवेअरलाच ईआरपी म्हणतात. गेली अकरा वर्षं सॅपच्या एमएम मोड्यूलवर, म्हणजे खरेदी आणि स्टोअरच्या भागावर काम करते. या कामाला मागणी आहे, आणि चांगली आहे. पण ती नक्की कुणाला आहे, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. एकट्या मावशीच्या सांगण्यावर पोरानं आयुष्य बेतू नये म्हणून हा धागा काढते आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, कुठेही असा. काय शिकलात, कुणी कामाला घेतलं, कुठे अडलात, सविस्तर लिहा. कंपनीचं किंवा क्लासचं नाव नको, अनुभव हवा.

शिरोली एमआयडीसी, स्टोअर

मी आयटीआय टर्नर. २००९ साली स्टोअरला लागलो तेव्हा बिन कार्ड (मालाच्या कप्प्यावर टांगलेलं नोंदीचं कार्ड) आणि चलनबुकावर सगळं चालायचं. जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाच्या, चलनाला आमच्यात अजून 'सत्तावन्न एफ फोर' म्हणतात, एक्साइज जाऊन २०१७ ला जीएसटी आला तरी.

मालकांनी सॅप घ्यायचं ठरवलं. कन्सल्टंट पोरं हुशार होती, पण फौंड्रीचा माल त्यांनी पाहिलेला नव्हता. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही किलोवर घेतो आणि मशीन शॉपला नगावर देतो. त्यांनी मास्टरला, म्हणजे सिस्टिममधल्या मालाच्या मूळ नोंदीत, एक नग म्हणजे १८.४ किलो असं टाकून दिलं. आता कास्टिंग काय साच्यातल्या साबणासारखं सारखं येत नाही. एक १८.१ भरतं, दुसरं १८.९. पार्टी काट्यावरच्या वजनाचं बिल लावणार, सिस्टिम नगाला १८.४ नं गुणून वेगळं वजन धरणार. पहिल्याच महिन्यात बिलांवर बिलं ब्लॉक. पुरवठादार गेटवर येऊन बसायला लागले. मिरो करणारी, म्हणजे सॅपमध्ये पुरवठादारांची बिलं नोंदवणारी मुलगी रडकुंडीला आलेली मी बघितली आहे.

मी कन्सल्टंटला काट्यावर नेलं. दहा नग वेगवेगळे तोलून दाखवले, वजनं खडूनं कास्टिंगवरच लिहिली. म्हटलं, साहेब, आवक करताना मला दोन आकडे टाकू द्या, नग वेगळे आणि काट्याचं वजन वेगळं. त्यानं दोन दिवसांत तशी सोय करून दिली. बिलं सुटली.

त्यानंतर मला 'की युजर', म्हणजे आमच्या विभागाचा सॅपमधला जाणकार, केलं. १०१ नं आवक, १०२ नं ती उलटवायची, ५४१ नं माल जॉबवर्कला पाठवायचा, हे आकडे आता झोपेत विचारले तरी सांगतो. आज पगार स्टोअरकीपरच्या दुपटीवर आहे. दोन कारखान्यांनी बोलावलं, गेलो नाही. सर्टिफिकेट माझ्याकडे एकही नाही.

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, अकाउंट्स

मी त्या पाटीखालची मुलगी आहे, म्हणून लिहिते. एम.कॉम. नंतर बाबांनी पतसंस्थेतून पैसे उचलून मला पुण्यात पाठवलं. कॉट बेसिसवर राहून फायको, म्हणजे सॅपचा हिशेबाचा भाग, केला. शिकवणं वाईट नव्हतं. पण सराव करायचा तो आयडीईएसवर, म्हणजे सॅपनं शिकण्यासाठी बनवलेल्या नमुना कंपनीवर. तिथे आम्हाला दिलेल्या उदाहरणांत कधी चलन हरवत नाही, कुणी चुकीच्या जीएसटी नंबरवर बिल लावत नाही. आणि कोर्स संपल्यावर ज्या नोकरीचं वचन होतं, त्यासाठी फोन केला की 'पुढच्या आठवड्यात बघू' एवढंच उत्तर मिळायचं. सात महिने.

एका मुलाखतीत विचारलं, "माल आत आलाय, बिल आलेलं नाही, महिनाअखेर आहे. कुठल्या खात्यात काय दिसेल?" जीआर/आयआर खात्यात, म्हणजे आलेला माल आणि आलेलं बिल जुळवायच्या खात्यात, बाकी दिसेल, एवढंच उत्तर. ते मी पाठ केलं होतं, तरी तिथे सुचलं नाही, कारण माल आत येताना मी कधी पाहिलाच नव्हता.

गावाकडे परत आले आणि कागलला बिल पासिंगला कारकून म्हणून लागले. पगार सांगायला जीव धजत नव्हता, बाबांनी विचारलंही नाही. पण सहा महिन्यांत त्या खात्याची प्रत्येक ओळ मला ओळखीची झाली. ही बाकी म्हणजे पावसात भिजून आलेलं चलन, ती म्हणजे परत पाठवलेला माल. कुणाला फोन करायचा हेही कळायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्याच कंपनीच्या सॅप टीममध्ये घेतलं. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता मी भरला.

ज्यांच्या घरी अशी फी भरायची चर्चा चालली आहे त्यांना कळकळीनं सांगते, आधी कुठेही, मिळेल त्या पगारावर, वर्षभर बिलं हाताळा. मग कोर्स करा.

लक्ष्मीपुरी

सॅपच्या गप्पांत टॅलीला, म्हणजे दुकानदारांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, कमी लेखू नका एवढंच म्हणायचं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं. त्याआधी ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं पाचशे कोटींवरून खाली आली होती. पाच कोटी म्हणजे आमच्या पेठेतले कितीतरी व्यापारी आत आले. ज्यांच्याकडे आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक), क्यूआर कोड, ई-वे बिल बिनचूक काढणारा माणूस आहे, त्यांच्या गाड्या वेळेत सुटतात. मी पाच दुकानांची कामं बघतो, सहावं घ्यायला वेळ नाही. हाताखाली माणूस शोधतोय, मिळत नाही. एचएसएन, म्हणजे मालाचा जीएसटी कोड, का बदलला ते समजणारा पाहिजे, नुसता बटण दाबणारा नको.

पुण्याहून परत, आता घरून काम (शाहूपुरी)

मी अ‍ॅबॅप प्रोग्रॅमर, म्हणजे सॅपच्या स्वतःच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. मागणी कुठून येते आहे ते थोडं सांगतो. सॅपनं एस/४ हाना ही नवी आवृत्ती २०१५ साली आणली. त्याआधीच्या ईसीसी ६.० च्या अलीकडच्या आवृत्त्यांची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपणार, जादा पैसे भरून २०३०पर्यंत. त्यामुळे जगभरच्या कंपन्या जुन्यावरून नव्यावर चालल्या आहेत. यात आपल्यासारख्यांना काम कुठे? वीस-वीस वर्षांचे जुने प्रोग्रॅम आहेत, ते नव्या रचनेत चालतात का हे एकेक करून तपासायचं. पूर्वी पुरवठादार आणि ग्राहक यांच्या नोंदी वेगवेगळ्या असायच्या, आता दोन्ही एकाच 'बिझनेस पार्टनर'मध्ये. हिशेबाच्या बऱ्याच नोंदी एका मोठ्या टेबलात गेल्या. जुनं आणि नवं दोन्ही येणाऱ्याला आज सहज बोलावणं येतं.

पण ही स्थलांतराची लाट आहे, ती कधीतरी ओसरेल. नवीन मुलांनी त्याच्याच भरवशावर राहू नये असं मला मनापासून वाटतं. माझा मित्र उत्पादन नियोजनाकडे वळला, कारण तो आधी मोल्डिंग शॉपला होता. त्याला कामाची ददात नाही.

उद्यमनगर, वर्कशॉप मालक

आम्ही छोटे, सॅप परवडत नाही, दुसरं ईआरपी घेतलं आहे. मुलाखतीला पोरगा आला की मी त्याच्यापुढे एक जॉबवर्कचं चलन ठेवतो आणि विचारतो, हा माल परत कधीपर्यंत आला पाहिजे? वर्षाच्या आत आला नाही तर पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरतात आणि कर बसतो. एवढं ज्याला माहीत आहे त्याला सॉफ्टवेअर मी पंधरा दिवसांत शिकवतो.

धागा काढणारी

सगळं भाच्याला वाचून दाखवलं. कागलच्या ताईंचं वाचताना तो गप्प झाला. क्लासवाल्यांना या महिन्यात पैसे भरत नाही असं त्यानं आपणहून सांगितलं. लक्ष्मीपुरीवाल्या काकांना नंबर पाठवते, माणूस हवाच आहे तर बोलून घ्या.

आणि शिरोलीच्या स्टोअरवाल्या दादांना एक विनंती. याला एक दिवस तुमच्या काट्यापाशी उभं राहू द्याल का? त्यानं अजून कास्टिंग हातात धरलेलं नाही.

शिरोली एमआयडीसी, स्टोअर

साहेबांना विचारलं, हो म्हणाले. सोमवारी सकाळी आठला गेटवर येऊ द्या. चप्पल चालत नाही, बूट घालून पाठवा. डबा आणू नको म्हणावं, माझ्यातला खाईल.