बीएएमएमसी पहिलं वर्ष: कॅमेरा घ्यावा की लॅपटॉप? आणि सीनियरच्या नोट्स चालतील का?

लांज्याचा_आदू
नमस्कार मंडळी. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमात झालं. आता मुंबईत बीएएमएमसीला, म्हणजे माध्यमांच्या पदवीला (पूर्वीचं बीएमएम), प्रवेश घेतोय. हाताशी साधारण ४० हजार आहेत. त्यात कॅमेरा घ्यावा की लॅपटॉप? दुसरं, एका सीनियरने २०१८ सालच्या नोट्स दिल्यात, त्या पुरतील का? आणि थिअरीचं इंग्रजी झेपेल ना?

कटपॉइंट
कॅमेरा नको. पहिल्या वर्षाला तुझा फोन पुरेसा आहे. पैसे लॅपटॉपमध्ये घाल. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघ. बजेटमुळे ८ जीबीवर थांबावं लागलं, तर रॅम नंतर वाढवता येते का हे दुकानात विचारूनच घे, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते.

उरलेल्या पैशांत वायरचा कॉलर माइक घे. चित्र थोडं हललं तरी बघणारा खपवून घेतो, आवाज घुमला की संपलं. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव, ओढणी किंवा साखळी त्याला घासणार नाही असा. पंखा आणि फ्रिज बंद. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, आवाजाची वरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. शून्याला लागून आवाज फाटला की पुढे तो नीट होत नाही. मुलाखत झाली की माणसाला गप्प बसवून त्याच खोलीची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड कर. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या सांध्याखाली तीच घालायची असते.

ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले, तर फोन बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव, पट्टे जातात. बरेच फोन ३० फ्रेमवर असतात, घोळ तिथेच होतो.

माध्यमकायदा_शिकवतो
नोट्समधला सिद्धान्तांचा भाग ठेवा, कायद्याचा भाग सरळ रद्दीत. बदनामी आता भारतीय दंडविधानाच्या ४९९-५०० मध्ये नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. त्यात शिक्षेचा एक पर्याय म्हणून समाजसेवाही आलीय, आणि जुन्या नोट्समध्ये ती सापडणार नाही. लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं २२८-अ आता कलम ७२ झालंय. १८६७ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा जाऊन २०२३ चा आला, तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ६६-अ? ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं, तरी अजून उत्तरपत्रिकांत जिवंत असतं!

इंग्रजीची धास्ती नको. पारिभाषिक शब्द सारखे तेच येतात. मराठीतून उत्तरं लिहायची असतील तर मुभा आहे का, हे मात्र प्रवेशाआधी कॉलेजात विचारा. मार्क जातात ते वेगळ्याच ठिकाणी. अजेंडा सेटिंग या माध्यम-सिद्धान्ताचं उदाहरण घ्या. मॅकॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी संशोधकांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीचा. तिथल्या चॅपल हिल गावातल्या, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांवर केलेला. अर्धा वर्ग लिहितो, "माध्यमं लोकांचं मत बनवतात." चूक. कशाबद्दल विचार करायचा ते ठरवतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रकल्पाला हाच विषय आला तर दोन मराठी दैनिकांची आठवडाभराची पहिली पानं घ्या. पाणीटंचाईसारख्या प्रत्येक विषयाच्या बातम्या स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजा: ३ कॉलमी, १२ सेंमी उंचीची बातमी म्हणजे ३६. इथेच बहुतेकांचे प्रकल्प अर्धवट राहतात, कारण ही झाली फक्त माध्यमांची यादी. वाचकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे स्वतंत्रपणे विचारून दोन्ही क्रम शेजारी ठेवले, तरच तो अजेंडा सेटिंगचा अभ्यास.

जोडाक्षर
लॅपटॉपचं ठरलंच असेल तर एक सांगून ठेवते. वर्गाचा अंक मराठीत काढायचा म्हटलं की आदल्या रात्री हमखास रडारड होते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेले दिसतात. फॉन्ट बदलत बसू नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. पॅराग्राफ स्टाइलमध्येच तो घातला की प्रत्येक बातमीला पुन्हा करावं लागत नाही.

मजकूर पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा. मग रफार आणि 'श्र', 'द्ध', 'ऱ्य' डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर नेमका तिथेच फसतो.

लांज्याचा_आदू
खूप आभार. कॅमेरा रद्द. पहिल्याच सत्रात माहिती अधिकाराची असाइनमेंट आहे म्हणे, ती कधी सुरू करू?

माध्यमकायदा_शिकवतो
विषय मिळाला त्याच आठवड्यात. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, अपील वेगळं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. "रस्ता का झाला नाही" असं विचारलंत तर फेटाळायला निमित्त मिळतं. कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीची) पानं, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, अशी कागदांची नावं घेऊन मागा.