मदत हवी आहे: 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'

निशाचर: स्क्रिप्ट कालपर्यंत सुरळीत चालत होती, आज ही एरर. रॅम भरपूर आहे, डिस्कही रिकामी. फोल्डरमध्ये स्कॅनच्या जेपीजी फायली आहेत, बस. सकाळपर्यंत हवंय, लवकर सांगा.

खटपट्या: फाइंड (फायली शोधणारी कमांड) वापर, शेवटी -डिलीट लाव. विषय संपला.

टर्मिनलकाका: अरे थांब! पुसायचंय असं तो म्हणाला कुठे? निशाचर, कमांड कोणती, सिस्टीम कोणती ते टाक आधी. रॅमचा संबंध नाही. स्टारच्या जागी सगळी नावं शेलच (कमांड वाचणारा प्रोग्राम) भरतो आणि ती यादी फार लांबली की कर्नल (सिस्टीमचा गाभा) प्रोग्राम सुरूच करत नाही. लिनक्सवर मर्यादा साधारण २०९७१५२ बाइट असते, एन्व्हायर्न्मेंटही (प्रोग्रामला सोबत मिळणारी सेटिंग्ज) त्यातच मोजतात.

निशाचर: उबुंटू. टार -सीझेडएफ (सगळ्यांचं एकच कॉम्प्रेस केलेलं अर्काइव्ह करायचंय), पुढे /डेटा/स्कॅन/*.जेपीजी. नावं मराठीत आहेत, मध्ये स्पेस.

बाइटवाला: मग भरणारच! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीला चिन्हामागे ३ बाइट, काना-मात्रा वेगळे धरून. नुसत्या 'सातबारा'चे २१ झाले.

खटपट्या: एक्सआर्ग्स लाव, ते लांब यादी गठ्ठ्यागठ्ठ्याने कमांडला देतं. मी कायम तेच करतो.

टर्मिनलकाका: टार -सी ला? प्रत्येक गठ्ठ्याला टार नव्याने चालेल आणि आधीच्या अर्काइव्हवरच लिहील. हाती फक्त शेवटचा गठ्ठा, वर एररही नाही.

खटपट्या: मग -आर ने जोडत जा.

बाइटवाला: झेड आहे ना त्यात. कॉम्प्रेस केलेल्याला जोडता येत नाही.

भाबडी_शंका: अख्खा फोल्डरच द्या की टारला?

निशाचर: त्यात पीडीएफ पण आहेत, त्या नकोत.

टर्मिनलकाका: हे आधी सांगायचं. फाइंड /डेटा/स्कॅन -नेम '*.जेपीजी' -प्रिंट० | टार -सीझेडएफ स्कॅन.टीजीझेड --नल -टी -
यादी पाइपमधून (मधली उभी रेघ) जाते, त्यामुळे ती मर्यादा लागत नाही, स्पेसचीही कटकट नाही. --नल मात्र -टी (इथे कॅपिटल टी) च्या आधी. जेपीजी अवतरणातच ठेव, नाहीतर शेल पुन्हा मध्ये नाक खुपसेल. आतल्या फोल्डरांतल्या नको असतील तर -नेमच्या आधी -मॅक्सडेप्थ १.

मुलुंडकर: एवढं कशाला, यूलिमिट -एस वाढवा, मर्यादाच वाढेल.

बाइटवाला: वाढवा. फायली वाढल्या की परत याल इथेच.

निशाचर: झालं! टार -टी (लहान टी, यादी दाखवणारा) ने मोजल्या, सगळ्या आल्यात. पण स्क्रिप्टमधली खालची सीपीची (कॉपी करणारी) ओळ आता तीच एरर देतेय.

टर्मिनलकाका: सीपीला एक्सआर्ग्स -० चालेल, -टी (लहान टी) ने आधी ठिकाण दे.

खटपट्या: म्हणजे एक्सआर्ग्सच ना शेवटी!

मुलुंडकर: मुळात फायलींना मराठी नावं द्यावीतच कशाला?

भाबडी_शंका: का देऊ नयेत? वेगळा धागा काढा.