३३५ वॉटचं पॅनेल, पण कंट्रोलर ९ अँपिअरच्या वर जाईना! मदत हवी आहे (ग्वाल्हेर)

दालबाजारची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो. मे-जूनमध्ये इथे पारा ४५च्या पुढे जातो आणि लाइट नेमकी रात्री दीड-दोनला जाते. कधी पाऊण तास, कधी तीन तास. सासरे ८१ वर्षांचे आहेत. पंखा थांबला की अण्णा उठून बसतात, मग सगळं घर जागं.

घरात साधा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूबलर, म्हणजे लेड-ॲसिडची बॅटरी आहे, चार वर्षं जुनी. त्यावर दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर, बस. आता तीन तासांतच शिट्टी वाजते.

एक दुकानदार ३ किलोवॉटचं अनुदानवालं सोलर बसवा म्हणून मागे लागला होता, "लाइट गेल्याचं कळणारसुद्धा नाही" म्हणे. आकडा ऐकून यांनी हात जोडले. मग मीच बाजारातून ३३५ वॉटचं एक पॅनेल आणि १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा डबा) आणला. विकणाऱ्याने हिशोब करून दिला: ३३५ भागिले १२, म्हणजे २७-२८ अँपिअर. मी रोज भर बारा वाजता बघते. ८.७, ८.९, एकदा ९.१. यांचं म्हणणं, पॅनेल नकली आहे आणि मी फसले. फसले का?

तार_जोडणारा
ताई, पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर व्हीएमपी, आयएमपी (पूर्ण ताकदीचे व्होल्ट आणि अँपिअर) आणि व्हीओसी (काही न जोडता येणारे व्होल्ट) असे तीन आकडे असतील. ते लिहा. कंट्रोलरवर पीडब्ल्यूएम लिहिलंय का तेही बघा.

दालबाजारची_सून
व्हीएमपी ३७.८, आयएमपी ८.८७, व्हीओसी ४६.१. कंट्रोलरवर बारीक अक्षरात पीडब्ल्यूएम आहे.

तार_जोडणारा
पॅनेल अस्सल आहे, जोडी चुकली. हे पॅनेल ३७.८ व्होल्टला ८.८७ अँपिअर देतं, तेव्हा ३३५ वॉट होतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे हुशार स्विच. तो पॅनेलला सरळ बॅटरीला बांधतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या १३ वर येऊन बसतो. अँपिअर तेच राहतात, ९. म्हणजे ९ गुणिले १३, जेमतेम ११७ वॉट. बाकीचे वॉट चोरीला गेले नाहीत, ते तयारच होत नाहीत. भागिले १२ करणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचा व्होल्टेज उतरवून त्याचे अँपिअर करतो. तरी २७ विसरा. मे महिन्यात काच ६५ अंशांपर्यंत तापते, आणि २५च्या वरच्या प्रत्येक अंशाला पॅनेलची ताकद साधारण ०.४ टक्का कमी होते. म्हणजे १६ टक्के तिथेच गेले. वायर आणि कंट्रोलरची घट धरून १९-२० अँपिअर आले तर पेढे वाटा.

घेताना इनपुट मर्यादा ७५ किंवा १०० व्होल्टची घ्या, ५०ची नाही. जानेवारीत तुमच्याकडे पहाटे पारा ३-४ वर येतो. थंडीत व्हीओसी चढतो, ४६चा ४९ होतो. आणि स्वस्तातल्या कित्येक डब्यांवर एमपीपीटी छापलेलं असतं, आत पीडब्ल्यूएमच. ओळख सोपी आहे: भर उन्हात बॅटरीकडचे अँपिअर पॅनेलकडच्यांपेक्षा जास्त दिसले तरच खरा. दुकानात बदलून देण्याचं आधी कबूल करून घ्या.

मुरारचे_काका
सूनबाई, कंट्रोलर घ्या, पण त्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो. दोन पंख्यांचे १५०, चार दिव्यांचे ३६, राउटरचे १०. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून २३५ वॉटच्या आसपास जातात. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास, पण लेड-ॲसिडमधून अर्धेच काढावेत, नाहीतर ती लवकर म्हातारी होते. ९०० भागिले २३५, चार तासही नाहीत. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दोन्ही बदललेत की बॅटरीवरचा भार १२७ वॉट, म्हणजे सात तास. एकेका पंख्याला अडीच-तीन हजार पडतात. बाजारात सगळ्यांना पॅनेल विकायचंय, पंख्याचं कोणी बोलत नाही.

दुसरं. रात्री लाइट आली की तुमचा इन्व्हर्टर लगेच लाइनवरून बॅटरी भरायला घेतो. सूर्य वर येईस्तोवर बॅटरी भरलेली, पॅनेलला काम काय? इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या मध्ये बसणारं सोलरचं युनिट मिळतं, जे ऊन असताना लाइनचं चार्जिंग थांबवतं. ते नसेल तर तुमचे ९ अँपिअरसुद्धा बहुतेक वायाच जात असतील.

पोहे_जिलेबी_इंदूर
सरळ लिथियम घ्या हो, २०२५ उलटून गेलं, लेड-ॲसिड कोण वापरतं?

मुरारचे_काका
मी वापरतो. तिच्या जुन्या इन्व्हर्टरचं चार्जिंग ट्यूबलरच्या हिशोबाने लावलेलं आहे, त्यावर लिथियम जोडायचं तर बहुतेक इन्व्हर्टरही बदलावा लागेल. प्रश्न नऊ अँपिअरचा होता, भाऊ.

दालबाजारची_सून
काका, पंख्यांचं यांना पटलं (मी म्हटलं तेव्हा पटलं नव्हतं). ते ३ किलोवॉटवालं खरंच वाईट होतं का?

तार_जोडणारा
वाईट नाही, वेगळ्या दुखण्याचं औषध आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान मिळतं. बिल भरपूर येत असेल तर जरूर करा. पण साधी ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद होते, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये म्हणून. "कळणारसुद्धा नाही" हे बॅटरी जोडली तरच खरं, आणि अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं, बॅटरीवर नाही. शिवाय रात्री दीडला ऊन कुठलं?

पॅनेल कसं बसवलंय? वायर कुठली, किती लांब?

दालबाजारची_सून
हसू नका. जुन्या खाटेला सुतळीने बांधलंय. छत पट्ट्यांचं आहे, गर्डरवर दगडी पट्ट्या, भोक पाडायची हिंमत झाली नाही. वायर घरातली उरलेली दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), पंधरा मीटर.

गिरवाई_नाका
भोक पाडलं नाही हे फार चांगलं केलंत. पट्टीला तडा गेला की पावसाळाभर गळती. सिमेंटचे जड ठोकळे पायाशी बांधलेला लोखंडी स्टँड करून घ्या, तोंड दक्षिणेला, उतार २६ अंशांचा. ठोकळे गर्डरच्या रेषेवर येऊ द्या. खाट आजच सोडवा. पहिल्या आंधीत वीस-बावीस किलोची काच शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल. पाण्याच्या टाकीची सावलीही बघा. कोपऱ्यावर आली तरी तिसरा हिस्सा जाऊ शकतो.

तार_जोडणारा
वायर ४ स्क्वेअरची सोलर डीसी वायर घ्या, घरातल्या वायरचं आवरण उन्हात तडकतं. लांब वायर पॅनेल ते कंट्रोलर ठेवा, कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी. बॅटरीच्या प्लसवर फ्यूज हवाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडताना उलट.

दालबाजारची_सून
पंधरा दिवसांनी परत आले. एमपीपीटी, ते काकांचं युनिट, नवे पंखे, स्टँड सगळं झालं. काल बारा वाजता १९.२ अँपिअर! पण बॅटरी पंख्यांसकट साडेचार तासच चालली, सात नाही. डिस्टिल्ड वॉटर घालायला आलेल्या मुलाने हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावला. पाच सेलमध्ये १.२३०च्या आसपास, एकात १.१५०. अण्णांनी वहीत लिहून ठेवलंय.

मुरारचे_काका
दिवसभर उन्हात पूर्ण भरू द्या आणि पुन्हा मोजा. तो सेल १.१५०वरच राहिला तर बॅटरी गेली. सहातला एक मेला की बाकी पाच त्याच्यामुळे थांबतात. तेव्हा नवी घ्या, पण सी-१० (दहा तासांत रिकामी करण्याच्या हिशोबाने मोजलेली क्षमता) लिहिलेली सोलरची. आणि अण्णांना वही चालू ठेवायला सांगा, वॉरंटीच्या दुकानात तीच दाखवायची.